उजेडाचं मशीन आणि मायच्या मुंग्या

लोक लघवी कशात भरून आणतील याचा काही नेम नसायचा. खोकल्याच्या औषधाची बाटली, खोबरेल तेलाची बाटली, दारूचा पव्वा, एकदा तर तान्ह्या मुलाची दुधाची बाटली, रबरी बुचासकट. नव्व्याण्णव साली मी गोंदियात एका खाजगी लॅबमध्ये कामाला लागले, तेव्हा आमच्याकडे साखर पाहायची म्हणजे बहुतेक वेळा लघवी उकळायची. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर धरायचं आणि रंगाची वाट पाहायची. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे विटेसारखं लाल. उकळताना जो वास यायचा तो माझ्या ओढणीत शिरायचा, केसांत शिरायचा, दुपारच्या डब्यातल्या भातात शिरायचा. पहिले सहा महिने मी लॅबमध्ये जेवलेच नाही.

एका म्हाताऱ्या बाबांच्या नमुन्याला दिव्यावर धरताच विटेचा रंग आला. रिपोर्ट लिहायला घेतला आणि सहज बाटली नाकाशी नेली, तर गुलाबाच्या सरबताचा वास.

"बाबा, बाटली धुतली कायले नाई?" मी विचारलं.

"थोडंसंच होतं वं बाई तळाले," बाबा म्हणाले. "त्यानं का होते?"

मी दुसरा नमुना मागितला तर त्यांनी तीच बाटली पुढे केली. हे असं. मला मुळातच किळस फार. शेंबूड, थुंकी, पू, उलटी, सगळ्याचीच. माझ्यासारखीनं लॅबमध्ये कामाला लागणं म्हणजे पाण्याला भिणाऱ्यानं मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरी सोयरीक करणं. पण डिप्लोमा मिळाला होता तो हाच, आणि आमच्या वस्तीतून डिप्लोमा घेतलेली पहिली मुलगी मी, त्यामुळे तोंड वाकडं करायची सोय नव्हती. वाकडं करायचंच तर मास्कच्या आत करायचं.

माय आमगावच्या पुढे एका खेड्यात एकटी राहायची. बाप मी दहावीत असतानाच गेला होता. आषाढात लोकांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या चिखलात, रोपांचा रोवणा, दिवाळीच्या सुमाराला धानाची कापणी, उन्हाळ्यात सालेकशाकडच्या जंगलात तेंदूपत्ता, असं तिचं वर्ष ठरलेलं. मी गोंदियालगतच्या फुलचूरला खोली घेऊन राहत होते. तिला शंभरदा म्हटलं असेल, इकडे ये. ती म्हणायची, "तुया खोलीत मी का करू? भिंती पायत बसू?"

तिला साखरेचा आजार आहे हे मला लॅबमधून कळलं नाही. मुंग्यांकडून कळलं. एका सुटीत मी घरी गेले होते, तर तिनं माझा हात धरून मला घरामागे नेलं. तिथे चिंचेच्या बुंध्याशी ती पहाटे लघवीला बसायची. "पाय तं इकडं," ती मातीकडे बोट दाखवत म्हणाली. ओल्या मातीवर काळ्या मुंग्यांची झुंबड उडाली होती. "चार-पाच दिस झाले, येऊन राहिल्या. म्हातारे लोक सांगत, मुतले मुंग्या लागल्या का समजा साखर लागली."

मी तिथून पळाले ते थेट अंगणात येऊन ओकले. पण दुसऱ्या दिवशी तिला गोंदियाला आणलं, रक्त काढलं, आणि मुंग्यांचं म्हणणं खरं निघालं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या.

माझ्या मते तिथे मुंग्यांचं काम संपलं होतं. मायच्या मते नव्हतं. ती त्यांचा हिशेब ठेवत राहिली. आधी दुकानातल्या फोनवरून आणि मग पुढे मोबाइल आल्यावर त्याच्यावरून, ती मला भरल्या ताटावर बातम्या द्यायची.

"परवा तीनच होत्या. आज तं एकही नाई."

"माय, मी जेवून राहिली ना."

"मंग जेव ना. मी का तुया ताटात टाकून राहिली?"

सुईनं तपासायला मात्र ती नाखूश असायची. भीती नव्हती, कारण वेगळं होतं. एका वर्षी ऐन रोवण्यात मी तिच्या बोटाला टोचून थेंब घेतला होता. दिवसभर हात चिखलात. ते भोक पिकलं, बोट टरारून सुजलं, आणि तिचा आठ दिवसांचा रोवणा बुडाला. तेव्हापासून पाऊस लागला की ती हात पदराखाली लपवायची. तिचं चुकत होतं असंही मी म्हणू शकत नव्हते. त्या पिकलेल्या बोटातला पू मीच काढला होता, नाक दाबून, दुसरीकडे पाहत.

दोन हजार दहा उलटून गेलं होतं तेव्हा आमच्या लॅबच्या मालकांनी, आम्ही त्यांना सर म्हणायचो, दिल्लीच्या कुठल्याशा प्रदर्शनातून एक मशीन आणलं. जेवणाच्या डब्याएवढं, त्याला एक वायर, आणि वायरीच्या टोकाला कपड्यांच्या चिमट्यासारखा चिमटा. चिमट्यात बोट घालायचं. एका बाजूनं उजेड बोटात शिरतो, थोडा लाल दिसणारा आणि थोडा डोळ्यांना न दिसणारा. दुसऱ्या बाजूला जेवढा पोचतो तेवढा मोजायचा, आणि वाटेत किती मुरला त्यावरून साखरेचा आकडा काढायचा. सुई नाही, रक्त नाही, लघवी तर नाहीच.

माझ्याइतका आनंद त्या लॅबमध्ये कुणालाच झाला नसेल. इतकी वर्षं माणसाच्या आतलं बाहेर काढून मी तपासत आले होते, आणि आता बाहेर काहीच काढायचं नव्हतं. बोट कोरडं, टेबल कोरडं. मी त्या चिमट्यावरून रोज सकाळी स्वच्छ फडकं फिरवायचे. कुणी देव्हारा पुसावा तसं, असं लॅबमधली दुसरी मुलगी चिडवायची.

पुढचं सांगते ते नीट सांगते, कारण लपवायची लाज सांगायच्या लाजेहून मोठी आहे. मशीनसोबत इंग्रजी पुस्तक होतं आणि ते पहिल्याच दुपारी मी वाचलं होतं. त्यात साफ लिहिलं होतं की उजेड काही एकट्या साखरेतच मुरत नाही. कातडीची जाडी, रंग, आतली चरबी, पाणी, सगळंच त्याला अडवतं, आणि त्यात साखरेचा वाटा अगदी किंचित. म्हणून मशीनला आधी माणूस शिकवावा लागतो. ज्याची साखर मोजायची त्याचं बोट तीन दिवस पुन्हा पुन्हा चिमट्यात घालायचं, त्याच वेळी सुईनं रक्त काढून खरा आकडा मशीनमध्ये भरायचा. मग ते मशीन त्या एका माणसाचं. दुसऱ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून.

पहिले तीन दिवस मशीन सरांचं बोट शिकलं. टोचायला मी होते, आकडे भरायलाही मीच. सरांना साखरेचा आजार नव्हता. शंभराच्या वर, सव्वाशेच्या आत, असे त्यांचे छान आकडे.

चौथ्या दिवशी ते म्हणाले, "चलो, अब कॅम्प लगाते हैं."

मी पुस्तक पुढे केलं. "सर, यात तर लिहिलंय, एका वेळी एकच माणूस."

सर हसले. ते धानाच्या व्यापाऱ्याच्या घरचे, तीन पिढ्यांची राइस मिल. "मॅडम, हमारी मिल में काँटा है ना? साल में एक बार पास करवाते हैं. फिर साल भर सबका धान उसी पर तुलता है. हर किसान के लिए नया काँटा लाते हैं क्या?"

ते खोटं बोलत होते असं मला अजूनही वाटत नाही. त्यांच्या डोक्यात मोजणं म्हणजे काटा, आणि एकदा पास झालेला काटा सगळ्यांना सारखा. गोंदियात वाढलेल्या कुणालाही हे पटलं असतं. मलाही पटलं. खरं म्हणजे पटवून घेतलं. नाही पटलं असतं तर मला पुन्हा बाटल्यांकडे जावं लागलं असतं.

मग शिबिरं सुरू झाली. "बिना सुई, बिना खून, शुगर की जाँच" असा कापडी फलक, एक टेबल, दोन खुर्च्या आणि मी. गावोगाव लोकांची रांग लागायची. किती तऱ्हेची बोटं त्या चिमट्यात मी घातली! हळदीनं पिवळी झालेली, तेंदूपत्त्याच्या चिकानं काळी पडलेली, चिखलानं फाटलेली, विडी ओढून ओढून शेंड्याला भाजलेली. पुस्तकात लिहिलेलं सगळं, जाडी, रंग, डाग, माझ्यासमोर रांगेत उभं होतं. आकडा मात्र एकशे आठ ते एकशे चोवीस. तेंदूवाल्या बाईचा एकशे बारा, हलवायाचा एकशे सोळा, पायाला मुंग्या येतात म्हणून रडकुंडीला आलेल्या मास्तरांचा एकशे दहा. मी लिहीत गेले. लोक हात जोडायचे. माझे हात कोरडे होते आणि मला बरं वाटत होतं.

एकदा एका गिऱ्हाइकानं नातू झाल्याचे पेढे आणले. मी चार खाल्ले. तासाभरानं सहज बोट चिमट्यात घातलं, एकशे सोळा. मनात काहीतरी टोचलं म्हणून सुईनंही पाहिलं, एकशे अठ्ठावन्न. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "आपकी बॉडी फर्स्ट क्लास है, मॅडम, मशीन भी यही बोल रही है." आणि मी, डिप्लोमावाली, इतकी वर्षं लॅबमध्ये घासलेली, ते कौतुक म्हणून घेतलं. हसलेसुद्धा. ते हसू आठवलं की मला आजही स्वतःची शिसारी येते.

उन्हाळ्याच्या शेवटी मायच्या गावच्या बुद्धविहारात शिबीर ठेवलं. मीच सरांच्या मागे लागून ठेवलं. माय धुतलेलं पांढरं लुगडं नेसून रांगेत उभी राहिली, आधी नंबर लावू का म्हटलं तर नको म्हणाली. पुढच्या-मागच्या बायांना सांगत होती, "माई पोरगी होय ते." तिचं बोट चिमट्यात घातलं. एकशे चौदा.

"माय, एकशे चौदा! साखर उतरली तुझी," मी म्हणाले.

तिनं आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि हळूच नाही, तिला हळू बोलताच येत नाही, ती म्हणाली, "पन मुंग्या तं येऊन राहिल्या ना वं. मांगच्या हप्त्यापासून लय येऊन राहिल्या."

रांगेतल्या बाया हसल्या. सर ओळखीच्या सरपंचांशी बोलत बाजूलाच उभे होते. माझे कान तापले. "माय, चारचौघांत ते घाण बोलणं बंद कर," मी फणकारले. "दिल्लीचं मशीन खोटं आन तुझ्या मुताच्या मुंग्या खऱ्या?"

तिनं चिमट्यातून बोट काढून पदराला पुसलं. मग म्हणाली, "मंग गोळी?"

मी डॉक्टर नाही. गोळीवर बोलायचा मला काडीचा अधिकार नव्हता. तरी मी म्हणाले, "अर्धीच घे आता. रोवणा झाला का पुन्हा मशीनवर पाहू." तिला हे फार आवडलं. रोवण्यात टोचणं नाही आणि गोळीही अर्धी. ती बायांकडे वळून म्हणाली, "पाहा, पोरगी शिकली तं किती बेस झालं."

त्या पावसाळ्यात मी दोनदा घरी गेले, दोन्ही वेळा मशीन सोबत नेलं. एकशे सतरा, एकशे अकरा. मुंग्यांचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. मी मना केलं होतं ना. मला वाटलं, सुटले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी शेजारणीचा फोन आला, "तुई माय उठूनच नाई राहिली." मी दोन्ही यंत्रं पिशव्यांत टाकली आणि मिळेल त्या गाडीनं आमगाव, तिथून पुढे गाव गाठलं. घराच्या दारातच वास आला. मला वाटलं उंदीर मेला असेल. माय खाटेवर पडली होती आणि तिच्या उजव्या पायाला लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती, तो वास त्या चिंधीतून येत होता.

मी चिंधी सोडली. अंगठा काळा पडला होता, शेजारचं बोट निळसर, आणि मधल्या बेचक्यात जे काही होतं त्याचं वर्णन मी करणार नाही. बांधीत गोगलगायीच्या शंखाची धार लागली होती म्हणे, पंधरा दिवसांपूर्वी. "दुखलंच नाई वं," ती सांगत होती. "दुखलं असतं तं मी बसली असती का?" मी अंगणात जाऊन ओकले, तोंड धुतलं, परत आले, पुन्हा चिंधीला हात लावला, पुन्हा बाहेर गेले. सख्ख्या आईचा पाय सडत होता आणि मला किळस आवरत नव्हती. तिला ते दिसत होतं. "राहू दे, तुले नाई जमत," ती म्हणाली, तिनंच माझ्या हातून कापूस घेतला आणि उठून बसून स्वतःचा पाय पुसायला लागली.

पिशवीतलं सुईचं यंत्र काढलं. थेंब घेतला. साखर मोजण्यापलीकडे गेली की त्या यंत्रावर आकडा येत नाही, नुसती दोन इंग्रजी अक्षरं येतात. तीच आली. मग, का कोण जाणे, मी दुसऱ्या पिशवीतून उजेडाचं मशीन काढलं आणि तेच बोट चिमट्यात घातलं. एकशे तेरा. मायच्या बोटात दिवा लावून मी सरांची साखर मोजत आले होते. इतकी गावं, इतकी बोटं, आणि साखर एकाच माणसाची.

दवाखान्यात अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. पाय वाचला, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते खरंच आहे. पण रोवणा मागे मागे सरकत करतात, वाकून, चिखलात, आणि शरीराचा सगळा तोल पायाच्या अंगठ्यावर असतो. माय पुन्हा बांधीत उतरली नाही.

मी सरांपुढे पुस्तक टाकलं, ते पान उघडून. त्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं, मायसाठी फळं पाठवली. मग म्हणाले, "लेकिन मॅडम, बाकी किसी ने तो शिकायत नहीं की." मी त्याच दिवशी नोकरी सोडली असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. दीड महिन्यानं सोडली. शिबिरांचं रजिस्टर माझ्याच अक्षरातलं होतं. ते घेऊन मी चार गावं फिरले, भेटतील त्यांना म्हणाले की ते आकडे खोटे आहेत, सुईनं तपासून घ्या. मास्तरांच्या घरी गेले तर ते अंथरुणावर होते. त्यांची बायको दारातूनच म्हणाली, "तवा तं तूच लिहून देल्लं होतं ना, बाई?" पाचव्या गावाला मी गेले नाही.

आता माय फुलचूरला माझ्याजवळ असते. भिंती पाहत बसते, तिनं आधीच सांगितल्याप्रमाणे. मला दुसऱ्या एका लॅबमध्ये काम मिळालं आहे, तिथे लघवी, थुंकी, सगळं आहे, आणि मास्कच्या आत माझं तोंड अजूनही वाकडं होतं. तिची जखम मात्र मीच धुतली, भरून येईपर्यंत रोज. किळस गेली नाही. किळस येत असताना धुतली, एवढंच.

रोज सकाळी मी तिचं बोट टोचते. ती बोटं पुढे करते. मी आकडा सांगते, अगदी खरा आकडा, ताज्या पट्टीवरचा, दोनदा तपासलेला. ती "बरं" म्हणते. मग भिंतीचा आधार घेत, लंगडत, मागच्या दारानं मोरीच्या पलीकडे, पहाटे जिथे लघवीला बसते त्या मातीकडे जाते आणि वाकून पाहते. मुंग्या मुतावर आल्या म्हणजे साखर आणि नाही आल्या म्हणजे नाही, असं धरून कुणी औषध घेऊ नये, हे मी लॅबवाली म्हणून सांगते. तिलाही सांगितलं आहे, कितीदा तरी.

परवा मला राहवलं नाही. म्हणाले, "माय, आता तर रक्त काढून सांगून राहिली ना मी. आता कायले पाहतेस?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मी भांडले असते.

"सांग ना तू. मी कुठं नाई म्हणून राहिली?" ती मातीकडे पाहतच म्हणाली. "पन मुंग्यायले पगार थोडीच हाय, वं बाई."

मी तिच्या बोटावरचा कापूस बदलला आणि डबा घेऊन कामाला निघाले.